चोवीस चवींचे दुकान

पहाटे साडेचार

शाम शुई पो ही हाँगकाँगच्या काउलूनमधली जुनी, दाट, कष्टकऱ्यांची वस्ती. पेई हो स्ट्रीटच्या बाजारामागच्या गल्लीत या वेळी मोजकेच दिवे लागलेले असतात: मासळीवाल्याकडे, पाववाल्याकडे आणि कडू काढ्याच्या दुकानात. काढ्याच्या दुकानाचे शटर कंबरेपर्यंतच उचललेले आहे. आत सिफू काल रात्री तोलून ठेवलेल्या पिशव्या एकेक करून परातीत रिकाम्या करतात आणि स्टुलावर बसून औषधी निवडायला घेतात. हातात कसब असलेल्या माणसाला हाँगकाँगचे कँटनी लोक सिफू म्हणतात. सत्तरी ओलांडलेल्या या गृहस्थांना गल्लीत दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही, म्हणून मीही मारत नाही.

खरे तर हा माल काल एकदा निवडून झाला आहे. तरी सकाळी तो पुन्हा नजरेखालून जातो. मुळे, साली, काटक्या, पाने, कळ्या. सगळे वाळून एकाच तपकिरी रंगावर आलेले. अजाणत्या डोळ्याला हा निव्वळ पाचोळा आहे. सिफू मुठीने उचलतात, पसरतात, एखादा तुकडा मोडून नाकाशी नेतात आणि बहुतेक वेळा परत टाकतात. क्वचित एखादी काडी बाजूला काढतात. ती काय आहे हे त्यांना माहीत असते असे नाही. ती काय नाही, एवढे त्यांना नक्की कळते.

या कामात आळस चालत नाही, त्याला कारण आहे. हाँगकाँगच्या रुग्णालयांत चुकीची वनस्पती मिसळून झालेल्या विषबाधांची नोंद आहे. कँप्सिस या वेलीच्या फुलांच्या जागी वाळलेली धोतऱ्याची फुले आली आणि पिणाऱ्याचे तोंड कोरडे पडून, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होऊन तो भ्रमात गेला. दोन्ही फुले वाळली की सारखीच चुरगळलेली दिसतात; पाण्यात भिजवून उलगडली तरच फरक कळतो. उंबराच्या कुळातल्या एका रानटी झुडपाची मुळे इथे सूपमध्ये घालतात. जेल्सेमियम नावाची जहाल विषारी वेल त्याच झुडपाच्या आसपास वाढते, तिची मुळे त्याच्या मुळांत गुंततात आणि खणताना सोबत निघून येतात. सिफू हे झुडूप वापरत नाहीत, फुलेही ओळखीच्या घाऊक व्यापाऱ्याकडूनच घेतात. तरी पहाटेचा अर्धा तास ते या पाचोळ्याला देतात. मला तर संपूर्ण दिवसातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि एकही गिऱ्हाईक तो कधी पाहत नाही.

सव्वापाच

औषधी धुऊन थंड पाण्यात भिजत पडल्या आहेत. रात्रीच का भिजवून ठेवत नाही, असे मी विचारले. सिफू म्हणाले, "जुलैतल्या रात्री भिजवलं तर सकाळी आंबलेला वास येईल. अर्धा तास पुरे. नुसतं आत पाणी शिरायला हवं."

या काढ्याला कँटनी भाषेत लोंग छा म्हणतात, थंडावा देणारा चहा. चहाचे पान त्यात नसते. त्याचे प्रकार पुष्कळ, पण सगळ्यांत कडू आणि सगळ्यांत मानाचा तो 'या सेई मेई', म्हणजे चोवीस चवी. चोवीस हा आकडा काटेकोर नाही. कुठल्या दुकानात त्याहून कमी औषधी पडतात, कुठे जास्त, आणि प्रत्येक घराण्याची यादी वेगळी. सिफूंच्या यादीतली काही नावे मी ओळखली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. तुतीची पाने. निर्गुडी. केवड्याच्या जातीच्या झाडाचे मूळ. रिठ्याचे मूळ. दर्भाच्या जातीच्या गवताची पांढरी, पेरापेरांची मुळे. वडाच्या एका भाऊबंदाच्या पारंब्या. जांभळाच्या कुळातल्या एका झाडाच्या कळ्या, ज्यांच्याशिवाय सिफूंच्या मते चोवीस चवी होतच नाहीत. आणि वाळवलेल्या कारल्याच्या चकत्या. बाकीची नावे मला मराठीत सापडली नाहीत. आयलेक्स या झाडाचे मूळ त्यांत पहिले. ते आधी कडू आणि मागाहून किंचित गोड लागते.

पातेली स्टेनलेस स्टीलची, कमरेपर्यंत येतील एवढी. लोखंडाचे भांडे इथे वर्ज्य आहे. सालींतल्या तुरट द्रव्यांशी लोखंडाची गाठ पडली की काढा शाईसारखा काळा होतो आणि जिभेवर गंजाची चव उरते. घरी करायचा असेल तर अजूनही मातीचे भांडे वापरतात.

आधी मुळे, खोडे आणि साली, मोठ्या आचेवर. उकळी फुटली की आच उतरवायची, आणि मग तासाभराने पाने, त्यानंतर कळ्या. पुदिना अगदी शेवटी, आच बंद करायला पाच मिनिटे असताना. सगळे मिळून तीन तास. या क्रमात फार मोठे शहाणपण आहे. लाकडातला कडवटपणा दीर्घ आचेशिवाय सुटत नाही, आणि पानाफुलांतला सुगंध तेवढ्या आचेत टिकत नाही. उष्णतेने सगळेच मिळते असे नाही, हे याच प्रदेशाशी नाते असलेल्या एका जुन्या ग्रंथाने जगाला दाखवून दिले आहे. ग हाँग हा चौथ्या शतकातला वैद्य ग्वांगदोंगच्या लोफू पर्वतावर राहिला. दवण्याच्या प्रजातीतली चिंगहाव ही वनस्पती हिवतापासाठी पाण्यात भिजवून पिळून घ्यावी, असे त्याने लिहिले. उकळावी असे लिहिले नाही. त्या एका सूचनेवरून चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना कमी तापमानात अर्क काढण्याची कल्पना सुचली. त्यातून आर्टेमिसिनीन हे हिवतापावरचे औषध हाती आले आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सिफूंना ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. पुदिना हातात घेऊन थांबलेले असताना त्यांनीच ती सांगितली.

सात

चिनी पंचांगात वर्षाचे २४ भाग आहेत. आज त्यांतला बारावा सुरू झाला, 'महाउष्मा', २२-२३ जुलैच्या सुमारास येणारा. दुकानात पंखा आहे, पण चुलीसमोर तो चालवत नाहीत. भिंतीवरच्या रेडिओवर वेधशाळेचा अतिउष्ण हवेचा इशारा सांगून झाला. आर्द्रता एवढी की फरशी पुसली तरी वाळत नाही.

या काढ्याचा जन्म या हवेतलाच आहे. चीनच्या दक्षिणेच्या डोंगररांगांपलीकडचा ग्वांगदोंग-ग्वांगशीचा मुलूख उत्तरेकडच्या लोकांना पूर्वी तापाचा, रोगट वाफांचा प्रदेश वाटे. इथे अंगात 'उष्णता' साचते आणि 'ओल' मुरते, असे इथल्या वैद्यकाचे म्हणणे आहे. तोंड आले, घसा खवखवला, डोळे चिकटू लागले, चेहऱ्यावर पुटकुळ्या उठल्या, रात्री झोप लागेना, की माणूस म्हणतो यीत हेई, उष्णता झाली. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. उष्ण आणि थंड या दोन शब्दांवर आपल्या आज्यांचे स्वयंपाकघर चालत आले आहे. कारणेही ओळखीची: तळलेले खाणे, जागरण, आणि लीची. एका लीचीत तीन जाळ असतात, असे इकडे म्हणतात, आणि लीचीचा हंगाम नुकताच सरतो आहे.

उकळत्या पातेल्यातून आता वास बदलू लागला. पहिल्या तासात नुसत्या ओल्या लाकडाचा वास होता. मग पावसाने भिजलेल्या गवताचा आला. आता मात्र घशाच्या मागे जाणवेल असा कडू वास आहे, श्वासाबरोबर चव लागावी असा. सिफू झाकण काढतात, बांबूची एक खूण केलेली पट्टी काढ्यात उभी धरतात आणि पाणी किती आटले ते पाहतात. घरगुती काढ्याचा नियम तीन वाट्यांची एक वाटी. आपल्या अष्टमांश काढ्यापेक्षा हे सौम्यच. दुकानातला काढा तेवढाही आटवत नाहीत, पण पट्टीवरच्या खुणेच्या वर पाणी दिसले तर आच बंद होत नाही, मग बाहेर कोणीही उभा असो.

साडेआठ

काढा फडक्यातून गाळून पुढच्या पितळी हंड्यात भरला. हा हंडा दुधी भोपळ्याच्या आकाराचा आहे, वर लहान गोल आणि खाली मोठा. चीनमध्ये भोपळा ही वैद्याची जुनी खूण. वर झाकण, खाली तोटी, आणि आत ऊब टिकावी म्हणून बारीक आच. लोंग छा थंडावा देतो, पण प्यायचा गरमच. काउंटरवर भात खायचे वाडगे मांडले आहेत, प्रत्येकावर काचेचे झाकण. मागच्या भिंतीवर सरकारी परवाना चौकटीत लावला आहे; हाँगकाँगमध्ये हा काढा विकायला स्वतंत्र परवाना लागतो.

पहिले गिऱ्हाईक रात्रपाळी करून घरी निघालेला इमारतीचा पहारेकरी. तो काही बोलत नाही, नाणी ठेवतो, वाडगा दोन्ही हातांनी उचलतो आणि न थांबता पितो. मग कोबी विकणारी एक बाई, हातमोजे न काढता. मग दोन मजूर, ज्यांना बांबूच्या परांचीवर चढायचे आहे. इमारतींना बांबूची परांची बांधण्याची इथली पद्धत जुनी आहे. उभ्याने पिणे, मान मागे टाकणे, वाडगा ठेवणे, जाणे. एका माणसाला मिनिटभरही लागत नाही. पहाटे साडेचारपासून जे चालले होते ते मिनिटभरात पोटात जाते, आणि सिफूंना त्यात काही वावगे वाटत नाही.

दहा

गर्दी ओसरल्यावर सिफूंनी माझ्यापुढे वाडगा ठेवला.

रंग काळा, पण उजेडात धरला तर कडेला लालसर तपकिरी. पृष्ठभागावर तेलाचा तवंग नाही, फेस नाही. वास सौम्य झाला आहे. उकळताना जो कडवटपणा नाकात शिरत होता तो आता वाडग्यात खाली बसला आहे. पहिला घोट जिभेवर येतो तेव्हा क्षणभर काहीच होत नाही. काढा पाण्यापेक्षा थोडा जड लागतो, किंचित मातकट. मग एकदम कडू. हा कडूपणा कॉफीचा नव्हे, मेथीचाही नव्हे. कॉफीत करपल्याची ऊब असते, मेथीत भाजीचा गोडवा. इथे तसला आधार नाही. जीभ, टाळू, गालांची आतली बाजू, सगळीकडे एकाच वेळी पसरतो आणि गिळल्यावर घशात खाली उतरताना अधिकच वाढतो. त्यात थर आहेत, हे तिसऱ्या घोटाला कळते. कारल्याचा कडू वर, तीक्ष्ण. सालींचा खाली, जाडसर, दात आंबल्यासारखी तुरटी सोडणारा. आणि त्या दोहोंच्या मधून पुदिना येतो, तेवढ्यापुरता वारा सुटल्यासारखा.

माणसाच्या तोंडात गोड ओळखणारा ग्राहक रेणू एकाच प्रकारचा असतो, आणि कडू ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे. झाडे आपला बचाव विषाने करतात आणि विष बहुधा कडू असते. म्हणून शरीराने त्या बाजूला एवढे पहारेकरी बसवले. कडूमध्ये गोडापेक्षा जास्त बारकावे असण्याची क्षमता आहे, असे मला या वाडग्यानंतर वाटू लागले आहे. आपण ते वापरत नाही, कारण पहिल्याच इशाऱ्याला वाडगा खाली ठेवतो.

वाडगा संपवून थांबायचे. दोन-तीन मिनिटांत घशाच्या तळाशी गोडसर ओल येते, आवळा खाऊन पाणी प्यावे तशी. कँटनी लोक या परतून येणाऱ्या गोडीसाठीच पितात, आणि काढा नीट शिजला की नाही याची त्यांची परीक्षाही तीच आहे. घाईने उकळलेला, कमी आटवलेला काढाही कडू लागतोच. पण तो नुसता कडू राहतो, परत येत नाही. ज्यांना इतके थांबवत नाही त्यांच्यासाठी काउंटरवर बरणीत खारवलेले सुके आलुबुखार आणि हॉथॉर्न फळाच्या गुलाबी चकत्या आहेत. मुले चकत्यांसाठीच येतात. सिफू मोठ्यांना चकती देताना तोंड मिटून घेतात. त्यांच्या लेखी तोंडात चकती टाकणे म्हणजे काढ्याचा शेवटचा भाग सांडून टाकणे.

साडेअकरा

एक तरुणी आली. घसा दुखतो, चोवीस चवी द्या, म्हणाली.

"लेंग नुई," सिफूंनी विचारले, "घसा दुखतो की कोरडा पडतो?" सुंदर मुली, एवढाच त्याचा अर्थ, इथे साठीच्या बाईलाही दुकानदार तसेच म्हणतो. दुखतो. ताप? नाही. सकाळी काही खाल्लंय? नाही. पाळी सुरू आहे का? तिने मान हलवली, हो.

सिफूंनी तोटी उघडली नाही. गरम पाणी पी, चार दिवसांनी ये, आणि ताप आला तर दवाखान्यात जा. ती गेली. पैसे पडले नाहीत.

दिवसभर हे चालू असते. दिवस गेलेल्या बाईला कडू काढा मिळत नाही. हात गार, चेहरा फिकट, पोट बिघडलेले अशा माणसाला मिळत नाही. तो आधीच 'थंड' आहे. रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्याला डॉक्टरला विचारून ये म्हणतात. लहान मुलाला घेऊन कोणी आले, तर त्याला जी-सिक्स-पीडीची कमतरता आहे का, हा प्रश्न पहिला. दक्षिण चीनमध्ये हा आनुवंशिक दोष पुष्कळ आढळतो, हाँगकाँगमध्ये बाळ जन्मल्यावर लगेच त्याची तपासणी होते, आणि असा दोष असलेल्याला हनीसकलची फुले चालत नाहीत. तांबड्या पेशी फुटू शकतात. ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नसेल तर त्या माणसाला सिफू काढा न देता दवाखान्याचा रस्ता दाखवतात.

गोड विकणाऱ्याला गिऱ्हाइकाची एवढी चौकशी करावी लागत नाही. कडू विकणाऱ्याला करावी लागते, आणि मला वाटते या दुकानाचा खरा धंदा ती चौकशी आहे. काढा तिच्यामागून येतो.

साडेबारा

जेवणाची सुटी. आता उसंत नाही. बटणे, लेस, कापडाचे तागे विकणाऱ्या गल्ल्यांतली माणसे, मोबाइल दुरुस्तीची पोरे, शाळेचा उन्हाळी वर्ग सुटलेली मुले. सिफूंचा भाचा हाताशी आला आहे. या वेळी चोवीस चवींपेक्षा पंचफुली काढा जास्त खपतो. तो सोनेरी, हलका, खडीसाखर घातलेला. त्यातली तीन फुले मराठी वाचकाच्या अंगणातली आहेत: शेवंती, पांढरा चाफा, काटेसावर. चौथे हनीसकल, पाचवे बहुधा कुडझूच्या वेलीचे. दुकानागणिक यात बदल होतो. चाफा आपण देवाला वाहतो आणि सावरीची फुले रानात पडून कुजतात. ग्वांगझू शहराचे मानाचे फूल काटेसावरच. मार्च-एप्रिलमध्ये ती टपटप पडतात तेव्हा म्हातारी माणसे पिशव्या घेऊन झाडाखाली जातात आणि फुले उचलून खिडकीत दोरीवर वाळत घालतात.

अडीच

आठवड्यातून एकदा सिफू दुपारी खरेदीला निघतात, आज तो वार आहे. मेट्रोने खाडीखालून शाँग वानला. तिथली को शिंग स्ट्रीट ही औषधींच्या घाऊक व्यापाराची गल्ली आहे. दोन्ही बाजूंना गोण्या, पोती, काचेच्या बरण्या, आणि हवेत ज्येष्ठमध व दालचिनीचा वास. शेजारच्या रस्त्यांवर जिनसेंग, वाळवलेली मासळी, पाकोळीची घरटी.

माल अजून कॅटीवर तोलतात. एक कॅटी म्हणजे सुमारे ६०५ ग्रॅम, आणि तिचे सोळा भाग. सिफू गोणीच्या तोंडाशी असलेला माल बघत नाहीत. हात कोपरापर्यंत आत घालून तळातला काढतात. जांभळाच्या कुळातल्या त्या कळ्या त्यांनी तीन दुकानांत चावून पाहिल्या आणि तिन्ही ठिकाणी नाकारल्या. एका ठिकाणी फार पिवळ्या होत्या. गंधकाची धुरी दिली की माल उजळतो आणि कीड लागत नाही, पण चव आंबट होते. चौथ्या दुकानातल्या काळपट, किरकोळ दिसणाऱ्या कळ्या घेतल्या. व्यापारी म्हणाला, या स्वस्त आहेत, कोणी घेत नाही. सिफूंनी दोन कॅटी जास्त घेतल्या.

पाच

दुसरे पातेले आता तयार होत आले आहे. भाच्याने ते दोनलाच चढवले होते. टॅक्सीवाल्यांची पाळी बदलण्याची वेळ ही. लाल टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहतात, उतरणारा आणि चढणारा दोघेही एकेक वाडगा पितात आणि चावी हातातून हातात जाते.

सिफू प्रथमच खुर्चीवर टेकले. हे दुकान त्यांच्या वडिलांचे. १९५३ च्या नाताळच्या रात्री जवळच्या शेक किप मेई टेकडीवरच्या झोपड्यांना आग लागली आणि ५०,००० च्या वर माणसे उघड्यावर आली. त्यानंतर सरकारने बांधलेल्या वसाहतींत एका खोलीत एक कुटुंब राही, पाणी आणि संडास सामाईक. बसायला जागा नाही, करमणूक नाही. त्या काळात हाँगकाँगच्या काढ्याच्या दुकानांनी रेडिओ लावले. रीडिफ्यूजन कंपनीचा तारेवरून येणारा रेडिओ १९४९ ला सुरू झाला होता, पण घरी घेणे सर्वांना परवडत नसे. थोड्या सेंटांत एक वाडगा घ्यायचा आणि कथाकथन संपेपर्यंत बसायचे. १९५७ मध्ये दूरचित्रवाणी आली तीही आधी दुकानांत. काही ठिकाणी नाणे टाकून गाणे वाजवण्याची यंत्रे आली आणि तरुण मुले-मुली तिथे भेटू लागली. १९६७ मध्ये विनामूल्य वाहिनी सुरू झाली, पुढे घरोघरी संच आले आणि बाके रिकामी झाली. सिफूंनी सगळी बाके काढून टाकली नाहीत. एक भिंतीशी आहे. आता त्यावर टॅक्सीवाले बसतात.

साडेआठ, रात्र

तळलेले, भाजलेले, तिखट रश्श्यात बुडवलेले खाऊन लोक येऊ लागतात. रात्रीची विक्री दुपारपेक्षा जास्त. एका टोळक्यातल्या मुलाच्या हातात लाल डबा होता, दुकानातून आणलेला लोंग छाच. त्याने सिफूंना विचारले, हा आणि तुमचा वेगळा कसा?

डब्यावरच्या वोंग लो कात या नावाची सुरुवात १८२८ सालची, ग्वांगझूमधली. आज ते चीनभर पसरलेले पेय आहे आणि लाल डबा नेमका कोणाचा यावर दोन कंपन्यांत वर्षानुवर्षे खटले चालले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही तो वापरायला मुभा दिली. डब्यात तुळशीच्या कुळातले मेसोना, शेवंती, हनीसकल, ज्येष्ठमध आणि साखर. तहानेला ते बरे लागते. पण साखरेने कडू झाकले की औषधी किती वेळ शिजली, कोणत्या क्रमाने पडली, जुनी होती की ताजी, हे जिभेला कळण्याचा मार्गच बंद होतो. मग त्यासाठी कोणी पहाटे साडेचारला उठण्याचे कारण उरत नाही. माझा आक्षेप साखरेला एवढाच आहे, पण तो पक्का आहे. २००६ मध्ये चीनने अमूर्त वारशाची पहिली राष्ट्रीय यादी केली तेव्हा ग्वांगदोंग, हाँगकाँग आणि मकाव यांचा लोंग छा तीत घेतला. वारसा या वाडग्यात आहे, आणि तो रोज नव्याने शिजवावा लागतो.

सिफूंनी मुलाला उत्तर दिले नाही. रात्री झोप लागते का, एवढे विचारले. फार उशिरा लागते, परीक्षा आहे. जेवलास? आता जेवलो. ताप, पोट, गोळ्या. सगळे विचारून झाले. मग अर्धा वाडगा ओतून त्याच्यापुढे सरकवला. पहिल्या वेळेला अर्धाच. मुलाने पहिला घोट घेतला आणि त्याचे खांदे वर गेले. मित्र हसले. तो थांबला, उरलेला प्यायला, आणि जाताना परत वळून म्हणाला, "सिफू, आता गोड लागतंय."

"लागणारच," सिफू म्हणाले.

साडेदहा

हंडा रिकामा करून आत-बाहेर घासला. उरलेला काढा दुसऱ्या दिवशीसाठी ठेवत नाहीत. आज दीडेक लिटर मोरीत गेला. चोथा निथळून पिशव्यांत भरून बाहेर ठेवला. मग पुन्हा तराजू, पुन्हा कागदी पिशव्या, उद्याच्या मापाच्या.

पण आज माप ठरेना. संध्याकाळी वेधशाळेने वादळाचा एक नंबरचा इशारा लावला आहे. तीन नंबर लागला तर पाऊस-वारा, हवा उतरेल, लोकांना चोवीस चवींपेक्षा सर्दीचा काढा लागेल, म्हणजे निर्गुडी जास्त आणि कारले कमी. आठ नंबर लागला तर सगळे शहर बंद आणि शिजवलेले सगळे वाया. सिफूंनी चोवीस चवींच्या पिशव्या निम्म्याच भरल्या. सर्दीच्या काढ्याच्या तेवढ्याच वेगळ्या काढल्या, पण त्यांची तोंडे बांधली नाहीत. नव्या कळ्यांची पुडी चुलीपासून लांब, वरच्या फळीवर ठेवली.

भाचा चपला घालत होता. "आठ लागला तर येऊ नकोस," सिफू त्याला म्हणाले. "तीनच राहिला तर साडेचारला ये. आणि येताना आलं घेऊन ये, सर्दीच्या काढ्याला लागेल."